फाईल कुणाच्या टेबलावर आहे?

‘विमा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘हप्ता’ही तिकडचाच. ‘दावा’, ‘अर्ज’, ‘मुदत’ आणि ‘तारीख’ हे मूळचे अरबी शब्द फारसीचा हात धरून आपल्या कचेऱ्यांत शिरले आणि इथलेच होऊन गेले. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दांची कुळे शोधण्याची खोड जुनी आहे. पण या सहा शब्दांची खरी ओळख मला झाली ती शब्दकोशात नव्हे, अपघात झालेल्या मोटारीच्या विम्यापायी. यातले पहिले चार शब्द कंपनीच्या कागदांवर सगळीकडे छापलेले असतात. उरलेले दोन, मुदत आणि तारीख, हे मात्र आपल्याला उच्चारावे लागतात. ते आपण उच्चारत नाही, म्हणून दावे रेंगाळतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. आज त्याविषयीच थोडे सांगायचे आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा मृत्यू झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई करणारा तो ‘थर्ड पार्टी’ विमा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असतो आणि त्याचा हप्ता वेगळा. पहिल्या प्रकारात जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. तो कोर्टाचा मार्ग आहे आणि त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला लवकरात लवकर घ्यावा. आपण आज बोलणार आहोत ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या आपल्या गाडीबद्दल.

अशी एक गाडी २०२४च्या डिसेंबरात आमच्या घरची होती. आम्ही मंगळवेढ्याचे. माझ्या थोरल्या भावाला, भाईजानांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला न्यावे लागते. जायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर, यायला तेवढेच. गाडी माझ्या नावावर, चालवतो पुतण्या. गळिताचा हंगाम म्हणजे आमच्याकडचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. त्या दिवशी दोघे परतत असताना कामतीजवळ एका डबल ट्रॉलीने वळण घेतले आणि तिचा मागचा भाग गाडीच्या डाव्या अंगावर आला. बोनेट, हेडलाइट, रेडिएटर आणि डावा दरवाजा गेला. अल्लाच्या कृपेने माणसे सुखरूप राहिली. पुतण्याने जागेवरच फोटो काढले, पोलिसांत नोंद केली आणि त्याच संध्याकाळी कंपनीला फोन करून दाव्याचा क्रमांक घेतला.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आला, पाहून गेला. त्यानंतर शांतता. गाडी गॅरेजमध्ये तशीच. मिस्त्री म्हणायचा, “चाचा, मंजुरी आल्याशिवाय मला नटसुद्धा सोडवता येत नाही. सोडवला आणि उद्या ते नाही म्हणाले, तर तुमचंही नुकसान, माझंही.” त्याचे खरेच होते. कंपनीला फोन केला की गोड आवाजात उत्तर मिळायचे, “सर, आपल्या दाव्यावर कार्यवाही सुरू आहे.” दुसऱ्या आठवड्यात ‘फाईल वर गेली आहे.’ तिसऱ्या आठवड्यात ‘सिस्टिममध्ये पेंडिंग दिसतंय.’

शाळेत आमचे व्याकरणाचे गुरुजी फळ्यावर वाक्य लिहून पहिला प्रश्न विचारायचे, “कर्ता कोण?” त्या दिवसांत मला गुरुजींची फार आठवण आली. ‘कार्यवाही सुरू आहे’ या वाक्यात व्याकरणापुरता कर्ता आहे, पण काम करणारा माणूस कुठेच नाही. फाईल वर गेली, म्हणजे कुणाकडे गेली? पेंडिंग आहे, म्हणजे कुणी काय करायचे राहिले आहे? ही वाक्ये खोटी नसतात. फोनवरच्या मुलीला समोरच्या पडद्यावर तेवढेच दिसत असते. पण अशा वाक्यावर समाधान मानून आपण फोन ठेवला की तो दिवस गेला आणि आपल्या हाती कागदही काही उरला नाही.

तेव्हा दाव्याचा प्रवास कोणकोणत्या हातांतून होतो आणि प्रत्येक हाताला नियमाने किती वेळ दिला आहे, हे आपल्याला ठाऊक हवे. देशातल्या विमा कंपन्यांवर ‘विमा नियामक आणि विकास प्राधिकरण’ म्हणजे इर्डाची देखरेख असते. या प्राधिकरणाने २०२४ साली आपले ग्राहकहिताचे नियम नव्याने बांधले. त्यांनुसार, अपघाताची खबर मिळाल्यापासून २४ तासांच्या आत कंपनीने सर्व्हेअर नेमायचा. नेमणुकीपासून १५ दिवसांत सर्व्हेअरचा अहवाल आला पाहिजे. अहवाल हाती आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. पूर्वी या मुदती बऱ्याच लांब होत्या. आता सगळी बेरीज केली तरी सुमारे तेवीस दिवस होतात. भरपाई द्यायला उशीर झाला तर कंपनीने बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज द्यायचे, असेही नियम सांगतात.

सर्व्हेअरविषयी एक गैरसमज आहे. तो कंपनीचा माणूस आहे असे आपण धरून चालतो. कंपनी त्याला नेमते आणि त्याची फी देते हे खरे. पण तो प्राधिकरणाचा परवाना घेतलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि नुकसानीचे निःपक्ष मोजमाप करणे हे त्याचे काम असते. त्याचे नाव आणि परवाना क्रमांक आपण टिपून ठेवावा. अहवालाची प्रत मागावी. तो येण्याआधी गाडीचा एकही भाग बदलू नये, कारण नंतर नुकसान किती होते याचा पुरावाच उरत नाही.

उशीर होण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे कागद. दाव्याचा फॉर्म, आर.सी. बुक, चालवणाऱ्याचे लायसन्स, पॉलिसी, गॅरेजचे एस्टिमेट आणि गरज असेल तिथे पोलिसांतली नोंद, एवढे लागते. दोन गाड्या नुसत्या घासल्या आणि कुणाला इजा झाली नाही, तर बहुधा एफ.आय.आर. मागत नाहीत, पण कुणी जखमी झाले असेल तर पोलिसांना आणि कंपनीला कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अनेकदा कागद एकेक करून मागितले जातात. आज हा, आठ दिवसांनी तो. २०२४च्या नियमांनी याला आळा घातला आहे. दाव्याच्या निकालासाठी आवश्यक असतील तेवढेच कागद मागायचे, आणि कागद नाहीत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे, “लागणाऱ्या सर्व कागदांची यादी एकदाच द्यावी.” जे द्याल त्याची पोच घ्यावी. ई-मेलने पाठवले तर ई-मेल हीच पोच.

खबर द्यायला उशीर झाला म्हणूनही दावे नाकारले जात. खरा दावा निव्वळ उशिराच्या कारणावरून यांत्रिकपणे फेटाळू नये, असे प्राधिकरणाने २०११च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले होते. २०१७ साली चोरीस गेलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही उशिराचे समाधानकारक कारण असेल तर दावा डावलू नये, असा निकाल दिला. तरीही खबर शक्य तितक्या लवकर द्यावी हे चांगले. हक्क आहे म्हणून तो कोर्टात जाऊनच मिळवावा असे थोडेच आहे?

तिसरे कारण रकमेचा वाद. गॅरेजचे बिल एक आणि मंजूर रक्कम दुसरी, म्हणून मालक चिडतो, सही करत नाही आणि आठवडे जातात. यातला काही भाग खरोखरच हिशेबाचा असतो, तो समजून घेतला तर चीड कमी होते. साध्या पॉलिसीत जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवताना घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरवर ३० टक्के. काचेवर काही नाही. पत्र्याच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिल्या सहा महिन्यांत शून्य, एका वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने सोसायचीच असते. १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीला ती १,००० रुपये, त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये.

एक उदाहरण घेऊ. गाडी सव्वाचार वर्षांची आहे. प्लॅस्टिकचा बंपर ६,००० रुपये, दरवाजा १२,०००, काच ५,००० आणि मजुरी ८,०००. कर बाजूला ठेवू. एकूण झाले ३१,०००. बंपरवर निम्मे, म्हणजे ३,००० कापले. दरवाजावर ३५ टक्के, म्हणजे ४,२००. काच आणि मजुरी पूर्ण. राहिले २३,८००. त्यातून सक्तीचे १,००० वजा जाता मिळतील २२,८००. उरलेले ८,२०० आपल्या खिशातून. ‘झीरो डेप’ नावाची जोड घेतली असेल तर घसारा कापत नाहीत, मात्र तिचा हप्ता जास्त आणि तिच्याही अटी असतात. हा हिशेब आधीच करून पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दावा घेतला की पुढच्या वर्षी हप्त्यातली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते. ही सवलत २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचते. चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी ती घालवायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत किमतीच्या, म्हणजे पॉलिसीवर आय.डी.व्ही. म्हणून लिहिलेल्या आकड्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि दुरुस्तीऐवजी ती किंमत मिळते. गाडीवर कर्ज असेल तर अशा वेळी बँकेचा कागद लागतो आणि पैसे आधी बँकेकडे जातात. तो कागद मिळवण्यासाठी निर्णयाची वाट पाहत बसू नये. आधीच मागून ठेवावा.

कंपनीची बाजूही लक्षात घ्यायला हवी. खोटे दावे होतात. गॅरेजमध्ये जुनी मोडतोड नव्या अपघाताच्या नावावर खपवली जाते. घरगुती वापराची म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवली जाते. तेव्हा चौकशी करणे हा कंपनीचा हक्कच आहे. मात्र अट मोडली म्हणजे सगळा दावा बुडालाच, असेही नाही. खासगी गाडी भाड्याने दिली या मुद्द्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात न्यायालयाने ७५ टक्के रकमेइतका दावा मान्य करण्याची दिशा दाखवली. आपले म्हणणे एवढेच की चौकशी करायची असेल तर करा, पण कसली चौकशी, कोण करतो आणि ती कधी संपेल हे सांगा.

आमच्या बाबतीत मी तेहतिसाव्या दिवशी पत्र लिहायला बसलो. कवीच्या हातून पत्र लांबते, म्हणून मुद्दाम चार ओळींचे लिहिले. वर दावा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा नंबर. खाली असे: ‘अपघाताची खबर अमुक तारखेला दिली. सर्व्हे अमुक तारखेला झाला. सर्व्हेअरचा अहवाल आपल्याला कोणत्या तारखेला मिळाला? आज ही फाईल कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे? निर्णयासाठी आमच्याकडून काही हवे आहे का, असल्यास काय? निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळेल?’ विशेषणे नाहीत, राग नाही. हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. अशा अधिकाऱ्याचे नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.

पाचव्या दिवशी उत्तर आले. सर्व्हेअरचा अहवाल एकोणिसाव्या दिवशीच त्यांच्याकडे पोचला होता. आम्ही दिलेली लायसन्सची झेरॉक्स स्वच्छ होती, पण त्यांच्याकडे स्कॅन करताना मागची बाजू काळी आली होती. तेवढ्यासाठी फाईल बाजूला ठेवली होती आणि दुसरी प्रत मागण्याचे काम कुणाचे, हे ठरलेले नव्हते. पुतण्याने त्याच दुपारी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. दोन दिवसांत मंजुरी आली, नऊ दिवसांत गाडी दुरुस्त झाली.

म्हणजे एकूण सात आठवडे. सात आठवड्यांत भाईजानांच्या चौदा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला भाड्याच्या गाडीचे २,२०० रुपये, एकूण ३०,८००. हा खर्च विम्यात मिळत नाही. पॉलिसी गाडीच्या दुरुस्तीचे पैसे देते. गाडी नसल्यामुळे जे सोसावे लागते त्याचे नाही, खास तशी जोड घेतली असेल तरच काही मिळते. उशिराची किंमत कंपनीच्या कागदावर कुठे दिसत नाही, ती अशी घरात मोजली जाते. एका गुरुवारी ठरलेली गाडी आली नाही. भाईजान अंगणात कपडे करून बसून राहिले होते. मला म्हणाले, “जाऊ दे, एक खेप चुकली तर काय होतंय?” चुकली तर काय होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. शेजाऱ्याने आपली जीप काढली म्हणून त्या दिवशी निभावले.

पत्रानेही काम झाले नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. तक्रार अधिकाऱ्याने १४ दिवसांत तक्रारीचा निकाल द्यायला हवा. न दिल्यास प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करून. त्यानंतर विमा लोकपाल. आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. कंपनीला लेखी तक्रार केल्यावर महिनाभर उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आपणच आपले म्हणणे मांडायचे. तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो अमान्य असेल तर इतर मार्ग खुले राहतात. मात्र तोच वाद आधीच ग्राहक आयोगात वा कोर्टात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत.

ग्राहक आयोगाचा मार्ग २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय असेल त्या शहराच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत, ही मोठी सोय आहे.

शेवटी एका कागदाबद्दल सावध करतो. पैसे देताना ‘पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली’ अशा मजकुराच्या पावतीवर सही मागतात. रक्कम पटली असेल तर खुशाल करावी. पटली नसेल तर सहीखाली ‘हरकत राखून’ असे लिहावे आणि त्याच दिवशी तसे पत्र द्यावे. फसवणुकीने वा दबावाखाली घेतलेल्या अशा सहीने ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. पण दबाव होता हे पुढे सिद्ध आपल्यालाच करावे लागते. तेव्हा ते दोन शब्द वेळेवर लिहिलेले बरे.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की यासाठी मोठा व्यासंग लागतो. तसे काही नाही. शंभर पानी वही आणा. तिच्यात पहिल्या दिवसापासून तारीख, कुणाशी बोललो, तो काय म्हणाला आणि पुढची तारीख कोणती दिली, एवढे लिहीत जा. आमच्या पुतण्याने गाडीच्या कप्प्यात आता पॉलिसी आणि पी.यू.सी.बरोबर अशी एक वही ठेवली आहे. देवाच्या कृपेने ती अजून कोरी आहे.